टॅब निवडण्याची कृती : आधी वर्षं मोजा, मग किंमत बघा

हळदीची पट्टी हातात आली, घरात दहावीचा निकाल लागलाय आणि पोराने टॅबचा हट्ट धरलाय? मग मोंढ्यातून थेट मोबाईलच्या दुकानात जाऊ नका. आधी घरी या, चहा घ्या आणि वही उघडा. दुकानदाराला विचारायच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं इथेच, वहीसमोर मिळणार आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठेही असा, कृती तीच. फक्त पायऱ्यांचा क्रम मोडू नका. टॅब आवडल्यावर हिशेब करायला बसलं की हिशेब नेहमी आवडलेल्या टॅबच्याच बाजूने लागतो.

साहित्य : वही, पेन, इंटरनेट चालू असलेला मोबाईल, त्यात एखादं जाडजूड पुस्तक पीडीएफमध्ये. घरी एक संध्याकाळ, दुकानात पाऊण तास.

घरी, वहीसमोर

१. टॅब फुकट मिळू शकतो का, ते पहिल्यांदा बघा. मुलगा किंवा मुलगी दहावी पास होऊन अकरावी विज्ञानला जात असेल आणि इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात, नॉन-क्रिमीलेअरमध्ये बसत असेल, तर नागपूरच्या महाज्योती संस्थेच्या संकेतस्थळावरचा सूचना फलक उघडा. जेईई, नीट, एमएचटी-सीईटीच्या प्रशिक्षणासोबत ही संस्था टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटा देते. अटी आणि शेवटची तारीख त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या, शेजाऱ्याकडून नको. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एखाद्या लिंकने टॅबच्या नोंदणीसाठी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

२. टॅबवर काय करणार, ती तीन कामं लिहा. तीनच. "लेक्चर बघणं, पीडीएफ वाचणं, पेनाने नोट्स काढणं" असं स्पष्ट लिहा. "सगळंच" असं लिहिलंत तर दुकानदार तुम्हाला सगळंच विकेल.

३. टॅब किती वर्षं लागणार, तो आकडा लिहा. अकरावी, बारावी आणि नीटचा एखादा जास्तीचा प्रयत्न म्हणजे ३ वर्षं. पुढे इंजिनीअरिंगही त्याच टॅबवर काढायचं असेल तर ७. आजोबांना हरिपाठ ऐकायचा आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं असेल, तर जे चालेल ते. हा आकडा पेनाने लिहा, पेन्सिलने नको. दुकानात तो खोडायचा मोह होतो.

४. बजेट लिहा आणि त्यातून कव्हर-काचेचे दीड-दोन हजार लगेच वजा करा. नोट्स काढायच्या असतील तर पेनाचंही बघा. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस९ एफई, एस१० एफई यांच्या खोक्यात पेन येतो. आयपॅडचा पेन्सिल वेगळा घ्यावा लागतो. यूएसबी-सी वाला ॲपल पेन्सिल भारतात आला तेव्हा ७,९०० रुपयांना होता. टॅब स्वस्त आणि पेन वेगळा, असं झालं की बेरीज घरी आल्यावर कळते.

५. सिमचा घ्यायचा की नुसत्या वायफायचा, ते ठरवा. घरात वायफाय आहे किंवा आईचा फोन दिवसभर घरीच असतो? मग हॉटस्पॉटवर भागेल, तीन-चार हजार सहज वाचतील. पण घरात एकच चांगला फोन आहे आणि तो वडिलांबरोबर सकाळीच शेतात जातो, असं असेल तर बिनसिमचा टॅब दिवसभर नुसता पडून राहील, सिमचाच घ्या. आणखी एक गोष्ट : बिनसिमच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. बांधावर उभं राहून जागा टिपायची, ई-पीक पाहणीसारखं काम करायचं, तर तो उपयोगाचा नाही. अँड्रॉइडचे बरेच वायफाय टॅब जीपीएससह येतात, पण सगळे नाही. तांत्रिक माहितीत तो शब्द डोळ्यांनी बघा.

६. तीन मॉडेल निवडून त्यांची पूर्ण नावं लिहा. "सॅमसंगचा एस१०" हे अर्धवट झालं. एस१० प्लस, एस१० एफई आणि एस१० लाइट ही तीन वेगळी यंत्रं आहेत, तिघांच्या आत वेगळे प्रोसेसर आहेत आणि किमतींत दरी आहे. आयपॅडचंही तेच : दहाव्या पिढीचा आणि ए१६ वाला समोरासमोर ठेवले तर दुरून फरक कळत नाही. नावातलं शेपूट गाळलंत की पुढचा सगळा हिशेब भलत्याच टॅबचा होतो.

७. प्रत्येक मॉडेलसमोर ते बाजारात पहिल्यांदा आल्याचा महिना आणि वर्ष लिहा. बैल घेताना आपण दात बघतो ना, तसं. कंपनीच्या संकेतस्थळावरची बातमी किंवा जीएसएमअरिनासारख्या साइटवरचं मॉडेलचं पान उघडा, तारीख मिळते. नमुन्यादाखल या चार उतरवून घ्या : गॅलेक्सी टॅब एस९ एफई ऑक्टोबर २०२३, वनप्लस पॅड २ जुलै २०२४, आयपॅड ए१६ मार्च २०२५, गॅलेक्सी टॅब एस१० एफई एप्रिल २०२५. दुकानातलं "नवीनच आलाय" ही तारीख नव्हे. तो दुकानात नवीन आलेला असतो.

८. कंपनीने अपडेटचं किती वर्षांचं वचन दिलंय, ते शोधून शेजारी लिहा. आकडे दोन असतात : अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्त्या मिळणार आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार. एस९ एफईला ४ आवृत्त्या आणि ५ वर्षं. एस१० एफईला ७ आणि ७. वनप्लस पॅड २ ला ३ आणि ४. लेनोवो आपल्या सपोर्टच्या पानावर मॉडेलवार तक्ताच देते. ॲपल असा आकडा जाहिरातीत सांगत नाही, म्हणून तिचा मागचा व्यवहार बघायचा : २०१९ मध्ये आलेल्या सातव्या पिढीच्या आयपॅडला आयपॅडओएस १८ पर्यंत नवं सॉफ्टवेअर मिळालं आणि २०२५ च्या आयपॅडओएस २६ ला तो गळाला. म्हणजे ६ वर्षं. ज्या कंपनीचं त्या मॉडेलबद्दल काहीच लिहिलेलं सापडत नाही, तिच्यासमोर शून्य लिहा. वाईट वाटून घेऊ नका, शून्यच लिहा.

९. आता मोजणी करा. बाजारात आल्याची तारीख अधिक सिक्युरिटीची वर्षं म्हणजे शेवटची तारीख. त्यातून तुम्ही घेणार तो दिवस वजा करा. समजा, २०२६ च्या दिवाळीत घेताय :

एस९ एफई : ऑक्टोबर २०२८ ला संपणार, उरली जेमतेम २ वर्षं.
वनप्लस पॅड २ : जुलै २०२८, उरली पावणेदोनच्या आसपास.
एस१० एफई : एप्रिल २०३२, उरली साडेपाचच्या जवळ.
आयपॅड ए१६ : ॲपलच्या जुन्या चालीने धरलं तर २०३१ पर्यंत, म्हणजे ५ च्या आत-बाहेर. हा आपला अंदाज आहे, ॲपलचं वचन नाही. वहीत शेजारी "अंदाज" असं लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. वर्षं टॅब बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही बिल फाडलं त्या दिवसापासून नाही. वनप्लस पॅड २ मध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आहे, धावायला अँड्रॉइडच्या या तिघांत कुणाला ऐकणार नाही. पण वेग शाबूत असताना त्याची अपडेट थांबणार. अकरावीतल्या पोराने नीटपुरता घेतला तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला काठावर येईल. सातवीतल्या मुलीसाठी तो घेऊ नका.

१०. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. एस१० एफई ४२,९९९ रुपयांना आला होता. साडेपाच वर्षांनी भागा, वर्षाला ७,८०० च्या घरात. आयपॅड ए१६ ची सुरुवातीची किंमत ३४,९०० होती. पाचाने भागा, वर्षाला सुमारे ७,०००. आता समजा, सेलमध्ये एस९ एफई २५,००० ला दिसला. दोनाने भागा. वर्षाला १२,५००! सवलतीचा तो सगळ्यात महाग निघाला. हे आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, भागाकाराला त्या दिवशीचाच भाव घ्या. टॅबचे भाव हळदीइतके नसले तरी हलतात. पेन वेगळा घेणार असाल तर त्याची किंमत आधी मिळवा, मग भागा.

वर्षं संपली म्हणून टॅब बंद पडत नाही, हेही लिहून ठेवा. डाउनलोड केलेली लेक्चरं, पीडीएफ, सिनेमे त्यावर पुढेही चालतात. म्हणून आजोबांच्या टॅबला ही भागाकाराची पायरी कडक लावायची गरज नाही.

११. तिघांच्या प्रोसेसरची नावं लिहा आणि वेग मोजणाऱ्या गीकबेंच ६ या चाचणीचा सिंगल-कोअर आकडा शोधा. ढोबळ ओळख अशी : हीलिओ जी९९ सातशेच्या आसपास, एक्सिनॉस १३८० हजाराच्या आसपास, स्नॅपड्रॅगन ८ जेन २ दोन हजारांच्या आसपास, ॲपलचा ए१६ अडीच हजारांच्या आसपास. लेक्चर आणि पीडीएफला सातशेवाला आज पुरतो, पण दोन-तीन वर्षांत कुंथायला लागतो. पाच वर्षं काढायची असतील तर हजाराच्या खाली उतरू नका. गेम, व्हिडिओ कापणं, चित्रकला असेल तर दोन हजारांच्या पुढे बघा. खोक्यावर "ऑक्टा-कोअर" मोठ्या अक्षरांत असतं. ते जवळपास सगळ्यांवर असतं, त्यावरून काही ठरत नाही. आणि तिन्ही आकडे गीकबेंच ६ चेच घ्या, एकाचा पाचचा आणि दुसऱ्याचा सहाचा असं मिसळू नका.

१२. रॅम लिहा. अँड्रॉइडला ४ जीबी तोकडी, ६ चालेल, ८ असेल तर निवांत. "८+८ जीबी" अशी जाहिरात दिसली तर दुसरा ८ खोडा. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली रॅम असते, खऱ्या रॅमचा वेग तिला नाही. आयपॅडची रॅम अँड्रॉइडशी तोलू नका, तो कमी रॅमवर नीट चालतो.

१३. स्टोरेज लिहा : १२८ जीबी, त्याखाली नाही. ६४ मधले पंधरा-वीस जीबी सॉफ्टवेअरच खातं. शेजारी प्रकारही लिहा. यूएफएस असेल तर छान, ईएमएमसी असेल तर ॲप उघडताना आणि अपडेट चढवताना थांबावं लागेल. मेमरी कार्डाची खाच असली तर लेक्चरं त्यावर टाकता येतात. आयपॅडला ती नसते.

१४. कंपनीच्या संकेतस्थळावर जवळचं सर्व्हिस सेंटर शोधा. हिंगोलीत नसेल तर नांदेड किंवा परभणी बघा. "टॅब दुरुस्त करता का?" हे फोन करूनच विचारा, कारण काही ठिकाणी फक्त फोन घेतात. छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे काहीच नसेल तर त्या मॉडेलसमोर एक काट मारा.

१५. तिघांतला एक खोडा. पायरी ३ चा आकडा आणि पायरी ९ ची उरलेली वर्षं समोरासमोर धरा. ज्याची वर्षं पुरत नाहीत, तो आधी जाईल. दोन उरले? आता चपला घाला.

दुकानात

१६. डेमोचा टॅब हातात मागा आणि सेटिंग्जमधलं "टॅबबद्दल" हे पान उघडा. अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅचची तारीख वहीत लिहा. डेमोचा तुकडा कित्येकदा महिनोन्महिने नेटला जोडलेला नसतो, तेव्हा तारीख जुनी दिसली तर दुकानदाराला अपडेट तपासायला सांगा. नवं अपडेट आलेलं दिसलं की झालं. तपासूनही वर्षभरापूर्वीचीच तारीख कायम राहिली, तर कंपनीचं वचन कागदावरच आहे असं समजा.

१७. पडद्याचे दोन भाग करा : एकीकडे तुमची जाडजूड पीडीएफ, दुसरीकडे यूट्यूबवरचं लेक्चर. आता व्हिडिओ चालू ठेवून पीडीएफ भराभर खाली ओढा. पानं पांढरी पडतात का, आवाज अडखळतो का, बघा. दुकानात आधीच सुरू असलेला समुद्राचा आणि फुलांचा व्हिडिओ बघून वेग ठरवू नका, तो कुठल्याही टॅबवर सुंदरच दिसतो.

१८. मराठी कीबोर्डवर चार ओळी टाइप करा. अक्षर बोटाच्या मागे राहत असेल तर आजच ही गत आहे, तिसऱ्या वर्षी काय होईल?

१९. दुकानाच्या दारात, उजेडात जाऊन पडदा बघा. ओसरीवर बसून वाचणाऱ्याला हे महत्त्वाचं; खोलीत वाचणारा ही पायरी सोडू शकतो.

२०. दोघांतला एक ठरवा. जुळ्यासारखे वाटत असतील तर जास्त वर्षं उरलेला घ्या. थोडा मंद असला तरी चालेल, मात्र पायरी ११ च्या खालच्या रेषेच्या वर हवा.

२१. बंद खोक्यावरचा मॉडेल क्रमांक मोबाईलवर शोधून जुळवा. हे डोळ्यात तेल घालून करा. वायफायच्या एस९ एफईचा क्रमांक एसएम-एक्स५१० आणि एस१० एफईचा एसएम-एक्स५२०. एका आकड्याचा फरक, पण सिक्युरिटीची साडेतीन वर्षं कमी-जास्त. घाईत दुकानातला पोरगाही चुकीचं खोकं काढू शकतो.

२२. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर किंवा आयएमईआय लिहून घ्या. "बिल नको, हजार कमी करतो" याला हसून नाही म्हणा. वॉरंटीसाठी गेल्यावर तो हजार कुणी परत देत नाही.

२३. सिमचा टॅब असेल तर आयएमईआय तपासा. केवायएम हे इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग एक मोकळी जागा, मग पंधरा आकडी आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवा. कंपनी आणि मॉडेल खोक्याशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर पैसे देऊ नका.

२४. खोकं दुकानातच फोडून टॅब सुरू करा. पडद्यावर ठिपका, कोपऱ्याला डाग, चार्जिंगच्या खाचेत हालचाल, हे काउंटरवर दिसलं तर बदलून मिळण्याची आशा असते. घरी गेल्यावर तोच डाग तुमचा होतो.

टॅब घरी आल्यावर

२५. निम्म्याहून जास्त चार्ज करा, मगच अपडेट लावा. मधेच लाईट गेली तर राउटर बंद पडेल, डाउनलोड थांबेल. घाबरू नका, नेट आल्यावर ते पुढे चालू होतं. मात्र डाउनलोड संपून अपडेट चढत असताना टॅब बंद करू नका.

२६. सगळी अपडेट संपेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासा. एक झालं की दुसरं निघतं, कधी तीन-चार ओळीने येतात. पहिल्या दिवशी टॅब गरम आणि मंद वाटला तर लगेच दुकान गाठू नका. आत मांडामांड चालू असते. दोन दिवसांनी पायरी १७ ची चाचणी परत करा.

२७. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये "बद्दल" हा भाग उघडून प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र बघा. टॅब "प्रमाणित" दिसला पाहिजे. तसं नसेल तर बिल घेऊन दुकानात परत जा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

२८. आपोआप अपडेट चालू करा. मोबाईल डेटावर नको, वायफायवरच. नाहीतर लेक्चरच्या आधीच दिवसाचा डेटा संपतो.

२९. चार्जिंगची जागा ठरवा : सावलीत, फरशीवर किंवा टेबलावर, कव्हर काढून. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि ॲपल तर आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. पत्र्याखाली, गादीवर, उशीखाली चार्ज केलेल्या टॅबची बॅटरी अपडेटच्या आधी संपते आणि पायरी ९ ची सगळी मोजणी वाया जाते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी लवकर उरका.

३०. पायरी ९ ची शेवटची तारीख चिकटपट्टीवर लिहून कव्हरच्या आतून लावा.

३१. दर तीन महिन्यांनी सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. बऱ्याच टॅबना अपडेट महिन्याला न येता तीन महिन्यांनी येतं, म्हणून महिनाभर काही आलं नाही तर काळजी नको. सहा महिने काहीच नाही आणि चिकटपट्टीवरची तारीख अजून लांब आहे, असं झालं तर कंपनीच्या ग्राहक सेवेला बिल समोर ठेवून फोन करा. आणि ती तारीख उलटली, की त्याच दिवशी त्या टॅबवरून बँकेचं आणि यूपीआयचं ॲप काढून टाका. लेक्चरं खुशाल चालू द्या.